हाकु आणि साकु

आमच्या घरात केक सासूबाई करायच्या आणि दुसऱ्या कोणाला करू द्यायच्या नाहीत. त्यांचा ओव्हन गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. कॉइल झाकणातच. उष्णता कमीजास्त करायची सोय नाही. फार तापला की प्लग काढायचा, एवढंच त्याचं शास्त्र. हल्ली दुकानात एकाहून एक देखणे ओव्हन मिळतात, पण मला हाच हवा होता. लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला जयलक्ष्मीपुरमच्या या घरात आले तेव्हापासून त्याला हात लावायची मनाई होती, आणि तेवढं कारण मला पुरेसं होतं.

एकदा लावला होता. सासूबाई बंगळुरूला लग्नाला गेल्या होत्या, तेव्हा मी नानकटाई केली. नवऱ्याने एक कशीबशी खाल्ली आणि दुसरी वाऱ्याने आपटणाऱ्या दाराखाली सरकवली. दार महिनाभर आपटलं नाही. सासूबाईंनी परत आल्याबरोबर झाकण हुंगलं आणि ओव्हन उचलून आपल्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिला. कपाटाची किल्ली कमरेला. मी काय रात्री उठून केक करणार होते का? पण बोलायची सोय नव्हती.

आमचं दुसरं भांडण भाषेचं. सासूबाईंच्या कित्येक पिढ्या म्हैसुरात गेल्या. आपण अस्सल मराठी बोलतो असा त्यांचा ठाम समज आहे. मी नवी असताना त्यांनी विचारलं, "सारात मीठ हाकलंस का ग?" साताऱ्यात आम्ही ढोरं हाकलतो. मीठ कुठं हाकलायचं ते मला कळेना. मग नवऱ्याने सांगितलं की कन्नडात 'हाकु' म्हणजे घाल, आणि 'साकु' म्हणजे पुरे. वाढणाऱ्याला थांबवायचं तर साकु. एवढ्या दोन शब्दांवर माझा या स्वयंपाकघरातला संसार चालला. अधूनमधून मी त्यांचं मराठी सुधारायला जायची, त्या माझं कन्नड ऐकून पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि दोघींनाही आपलाच विजय झाल्यासारखं वाटायचं.

मग त्या व्हरांड्याच्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, हात प्लास्टरमध्ये गेला. वरची कवळीही तडकली, ती दुरुस्तीला गेली. आणि चारच दिवसांवर लेकीचा वाढदिवस. त्या दिवशी अज्जीचा केक झाला नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. गल्लीतल्या त्यांच्या दोन मैत्रिणी तर खास त्या केकसाठी यायच्या. नातीला शुभेच्छा द्यायचं त्यांना निघताना आठवायचं.

मी म्हटलं, शेजारच्या विजयनगर भागातल्या बेकरीतून हनी केक आणू. लेक म्हणाली, चालेल. सासूबाई दुपारभर डाव्या हाताने कमरेची किल्ली चाचपत बसल्या. डॉक्टरांनी मनगट आता पहिल्यासारखं होणार नाही असं सांगितलं होतं, आणि या घरातली केकवाली आपण राहणार की नाही, याचीच त्यांना धास्ती होती. ते मला दिसत होतं. तरी मी मनातल्या मनात ओव्हन ओट्यावर मांडूनही टाकला होता. संध्याकाळी त्यांनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"तू कर. मी सांगते. पण हात बरा झाला की ओव्हन परत कपाटात."

कवळी नसल्यामुळे हे सगळं हवेतून आल्यासारखं ऐकू आलं, पण कळलं.

त्यांचा केक दही-रव्याचा. देव्हारा स्वयंपाकघराच्याच भिंतीला असल्यामुळे अंड्याला मज्जाव. माप नाहीच. तूप आणि साखर फेटायची, साखर चमच्याने घालत जायची, आणि त्यांनी सांगितलं की थांबायचं. वाढदिवसाच्या सकाळी त्या टेबलाशी बसल्या, हात गळ्यात बांधलेला. मी ओट्याशी, हातात विजेचा बीटर. तो कसला आवाज करतो! स्कूटर घरात शिरल्यासारखा.

मी साखर घालत होते. मागून आवाज आला, "हाकु!"

मी आणखी घातली.

"हाकु ग!"

बरं. त्यांचा केक गोड असतोच, हे मी किती वेळा बोलून दाखवलं होतं. म्हटलं, गोड कशामुळे असतो ते आज कळतंय. आणखी घातली. त्या चमचा टेबलावर आपटायला लागल्या. मला वाटलं, सून पहिल्यांदा केक करतेय म्हणून उत्साह आलाय. मीही जोरात हात चालवला. "हाकु, हाकु, अय्यो, हाकु!" शेवटी मी डबाच पालथा केला आणि मोठ्या अभिमानाने मागे वळले. सासूबाईंनी चमचा टाकून दिला होता आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

केक आधी फुगला, मग काचेतून आमच्या डोळ्यांदेखत मधोमध बसला. कडा काळ्या झाल्या, तळ भांड्याला असा चिकटला की उलथन्याची मूठ निघून आली. मी म्हटलं, "तुम्हीच हाकु हाकु म्हणत होता!"

"हाकु नव्हे, हाकु!" त्या ओरडल्या. चेहरा लाल. "मी हाकु म्हणत होते!"

नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. तो खाली बसून हसायला लागला. बऱ्याच वेळाने त्याच्या तोंडून शब्द फुटला. "दात नाहीत ग तिला. साकु म्हणतेय ती, साकु!"

मी संतापले. खरंच संतापले. "मग सरळ पुरे म्हणायला काय होतं? मराठीच ना तुम्ही?"

"आमच्यात पुरे भांडताना म्हणतात," त्या म्हणाल्या. "वाढताना साकु."

संध्याकाळी मैत्रिणी आल्या. लेकीने भांडंच मधे ठेवलं आणि सगळ्यांना चमचे दिले. खरवडून खायचं. पहिल्या बाईंनी तोंडात घातलं आणि बराच वेळ जबडा हलवत राहिल्या. मग विचारलं, "हे कोणी केलं?" मी पदर सावरला. आता गल्लीभर होणार. सासूबाई म्हणाल्या, "मी सांगितलं, हिनं हाकलं. म्हैसूरपाक पण पहिल्यांदा असाच बिघडला असेल." आणि स्वतः डाव्या हाताने एक मोठा तुकडा उपटून तोंडात कोंबला. दात नसताना. तो त्यांनी कसा गिळला, देव जाणे. मला त्यांचा राग आला, कारण आता रागावता येत नव्हतं.

पुढे प्लास्टर निघालं, कवळी परत आली. मनगट मात्र आखडलं ते आखडलंच. गरम झाकण त्यांना उचलवेना. एकदा प्रयत्न केला, झाकण ओट्यावर आदळलं, त्या बाहेर जाऊन बसल्या. ओव्हन कपाटात परत गेला नाही. तो ओट्यावर राहिला, आणि हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढच्या केकच्या वेळी त्या टेबलाशी नाही, माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. बीटर बंद ठेवून मी हाताने फेटत होते. साखर घालत गेले. शेजारून आवाज आला, अगदी स्वच्छ, "पुरे ग. पुरे."

माझा हात थांबला. या घरात त्यांच्या तोंडून भांडणाशिवाय तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं मला तो ओव्हन हवा होता, आणि तो समोर तापत असताना मला रडू यायला लागलं. अगदी मूर्खासारखं.

"साकु म्हणा की, आई."

"तुला ते कळत नाही ना."

"आता कळतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्यात डोकावल्या.

"कळतं ना? मग अजून एक चमचा हाकु."