जपून ठेवलेली वायर

मुलांनो, मी पाठवलेल्या हार्ड डिस्कवर मोठ्या आजीच्या आठवणींचे अकरा व्हिडिओ आहेत. अकरावा मध्येच तुटतो. खाडीचं पाणी मिठागराच्या बांधावर चढतं, वडील तिला खांद्यावर घेतात, आणि चित्र थांबतं. पुढे काय झालं, असं तुम्ही फोनवर विचारलंत. मोबाईलची जागा भरली, असं मी सांगितलं. ते खरं आहे. पण उरलेली गोष्ट पुढच्या गुरुवारी का घेतली नाही, हे मी सांगितलं नाही.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना वहिनी म्हणते. त्या ठाण्याला टेंभी नाक्यापाशी राहतात, मी डोंबिवलीत. दर गुरुवारी त्या माझ्याकडे यायच्या. मी मोबाईल उभा करून ठेवायचे आणि त्या बोलायच्या. त्यांची शाळा चौथीत सुटली, पण बोलताना एक शब्द वाया जात नाही. संध्याकाळी मी सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि तिथून हार्ड डिस्कवर. प्रत्येक फाईलला क्रमांक, तारीख, विषय.

एकदा वहिनींना स्वतःला टीव्हीवर बघावंसं वाटलं, म्हणून आठवडाभर डिस्क त्यांच्याकडे दिली. ती परत आली तेव्हा कापडी बटव्यात होती, वायरीसकट. त्याच दुपारी मी टेबल आवरलं. डिस्कची वायर वीतभर, त्यामुळे डिस्क कॉम्प्युटरच्या कडेला लोंबायची. ते मला खपत नव्हतं. जुन्या मोबाईलच्या चार्जरची लांब वायर लावून पाहिली, तर नीट बसली. डिस्कचं तोंड रुंद, वायर अरुंद, म्हणून शेजारी थोडी जागा मोकळी राहिली. तिथे धूळ जाऊ नये म्हणून मी चिकटपट्टी लावली. आखूड वायर डब्यात ठेवली आणि वर चिठ्ठी: 'मूळ वायर. जपून ठेवणे.'

त्यानंतर डिस्क रेंगाळायला लागली. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास. मी कॉम्प्युटर बंद करून पाहिला, व्हायरस तपासला, नको त्या फाईली काढल्या. फरक शून्य. सुट्टीवर आलेली तुमची आई आठ दिवसांनी तुमच्याकडे परत निघणार होती आणि डिस्क तिच्याबरोबर जायची होती.

गुरुवारी अकरावा व्हिडिओ मध्येच तुटला, आणि थोड्या वेळाने तिचा फोन आला, पुण्याहून. वहिनी समोर बसून मटार सोलत होत्या. मी सरळ इंग्रजीत बोलायला लागले. म्हणाले, यांनीच पाडली असणार, अशा माणसांच्या हातात अशा वस्तू देऊच नयेत.

'अशा माणसांच्या' हे माझेच शब्द.

वहिनींनी मान वर केली नाही. शेंगा संपल्यावर एवढंच म्हणाल्या, "पडली नाही गं. येताना मांडीवर धरून आणली." पुढच्या गुरुवारी त्यांचा निरोप आला, गुडघा दुखतोय.

तुमची आई निघायच्या आदल्या दिवशी मी डिस्क घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले. दुरुस्तीचं काम एक बाई करतात. त्यांनी डिस्क उलटसुलट पाहिली आणि नखाने चिकटपट्टी सोलली.

"ही कुणी लावली, काकू?"

"मीच. धूळ जाते."

"वायर मोबाईलची दिसते. हिची स्वतःची कुठाय?"

"घरी. जपून ठेवलीय."

त्या हसल्या. "मग डिस्क काय करणार बिचारी? अर्ध्या तोंडाने जेवतेय. डिस्क ठणठणीत आहे."

घरी येऊन डब्यातली वायर काढली. अकराही व्हिडिओ अर्ध्या तासात उतरले. पडद्यावरची ती हिरवी पट्टी भराभर सरकताना मला बघवेना.

तुमच्या आईला निरोप दिल्यावर मी ठाण्याला गेले. वहिनी मेथी निवडत होत्या. मी म्हणाले, "आय ॲम सो सॉरी, वहिनी."

"त्या दिवशीचंही इंग्रजीतच होतं," त्या म्हणाल्या. "सगळं नाही कळलं. पण 'ड्रॉप' कळतं मला. तुझी नातवंडं आली की चेंडू खेळताना तेच ओरडतात. आता मराठीत सांग."

"माझं चुकलं."

"काय चुकलं?"

मग मला ते अख्खं वाक्य मराठीत म्हणावं लागलं. 'अशा माणसांच्या' हेसुद्धा. त्या मेथी निवडत राहिल्या. मग वायरीचं, चिकटपट्टीचं सांगितलं.

"चिकटपट्टी तूच लावलीस?"

"हो."

"आणि चिठ्ठीही?"

"हो."

"तुझ्या त्या टापटिपीने जीव घेतला बिचारीचा," म्हणाल्या आणि जराशा हसल्या. जराशाच.

निघताना मी गुरुवारचं विचारलं. "गुडघा बरा झाला की बघू," त्या म्हणाल्या. त्याच सकाळी वहिनी भाजीची पिशवी घेऊन तीन मजले चढून आल्या होत्या, हे शेजारणीने मला जिन्यातच सांगितलं होतं. मी ते बोलले नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर बारा क्रमांकाचं फोल्डर केलं आहे. रिकामं आहे. त्यावर तारीख नाही, विषय नाही.