खंड्याचे सांधे

दवाखान्यात आले की काका आधी कुत्र्याच्या कमरेवर हात ठेवायचे, मग स्वतःच्या गुडघ्यावर, आणि म्हणायचे, “गंज धरलाय, बाय. दोगांना बी.”

माझा जनावरांचा दवाखाना नवीन पनवेलला आहे. ते विचुंब्याहून रिक्षाने यायचे. जन्माने कोळी, सगळी उमर मोरा बंदरातल्या लाँचवर खलाशी म्हणून गेलेली. बायको वारली होती, मुलगा दूर जहाजावर. त्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये ते आणि धक्क्यावरून आणलेला खंड्या, एवढेच राहत.

उठताना खंड्याला मागचे पाय साथ देत नसत. ते त्याला लसूण घालून कढवलेलं तेल चोळत, हळद खाऊ घालत. मी म्हटलं, लसूण नको, खंड्या तेल चाटतो आणि लसूण कुत्र्याला बाधतो. नुसतं तेल चोळा, त्याला बरं वाटेल, पण सूज आत सांध्यात आहे. रक्त तपासून सुजेवरच्या गोळ्या दिल्या, खाल्ल्यावरच द्या म्हणून बजावलं. त्याचं वजन उतरवा म्हटलं, ते मात्र त्यांना जमणारं नव्हतं. घरात जेवायला सोबत तेवढीच होती. आपल्या ताटातलं त्याला घातल्याशिवाय त्यांना घास जात नसे.

गोळ्यांनी खंड्या चालू लागला. मग एका सकाळी ते त्याला उचलूनच घेऊन आले. काळी उलटी, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या संध्याकाळी तो फार कण्हत होता, म्हणून त्यांनी स्वतःच्या गुडघेदुखीची गोळी त्याला दिली होती.

“मला उतार पडतो, म्हनून दिली,” ते म्हणाले. “एकच दिली, बाय.”

माणसाची ती गोळी कुत्र्याचं पोट आतून सोलून काढते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सलाइन लावलं. ते दिवसभर टेबलाशी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. खंड्या वाचला, पण सुजेच्या गोळ्या आता त्याला सोसणार नव्हत्या.

उरले ते साधे उपाय. गरम शेक, थोडं थोडं चालणं, बेताचं खाणं, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. कोळ्याच्या कुत्र्याला मासा दवाखान्यातून, असं म्हणून ते हसले होते. एकदा मी त्यांच्या घरी गेले, तर गुळगुळीत लादीवर पाय सरकू नयेत म्हणून पलंगापासून गॅलरीपर्यंत गोणपाट अंथरलेलं. मी निघाले की ते नवा प्रश्न काढत. शेक किती वेळ द्यायचा? पाणी किती पाजायचं? उत्तरं त्यांना पाठ होती. दवाखान्याच्या बाकावर तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, काम झालं तरी न उठणारी.

पुढे एका दुपारी खंड्या झोपेतच गेला.

हल्ली तो फ्लॅट बंद असतो. मुलगा सुट्टीवर आला आणि त्यांना करंजाला बहिणीकडे ठेवून गेला, असं वॉचमन म्हणाला. तिथे त्यांचं मन रमलं का, ते मला कळलेलं नाही.

करंजाला जाण्याआधी ते एकदा दवाखान्यात आले होते. संध्याकाळची गर्दी होती. बाकावर कुत्री-मांजरं घेऊन बसलेली माणसं, आणि त्यांच्यात ते, मांडीवर नुसते हात. पाळी आल्यावर ते आत आले आणि टेबलासमोर उभे राहिले. मी विचारलं, काय होतंय, काका?

“काय नाय, बाय,” ते म्हणाले. “नंबर आला, म्हनून आलो.”