चिवडा मस्कतला पोचला

तुमच्या व्हिसावर तुमचं काम काय लिहिलंय, ते कधी नीट वाचलंय का? माझ्या व्हिसावर ‘सफाई कामगार’ होतं. शारजातल्या एका फरसाणाच्या कारखान्यात मी निर्यातीचे कागद तयार करायचे. पण मला आणलं तेव्हा मालकांकडे सफाई कामगाराचाच कोटा शिल्लक होता.

२००३च्या जानेवारीत आखाती सहा देशांची जकात एक झाली. पोहे-शेंगदाण्यांवर दुबईच्या जबल अली बंदरात एकदा जकात भरली की आमचा चिवडा साही देशांत मोकळा. मी घरात युनियनच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली. सीमा पुसली जातेय म्हटल्यावर माझा ऊर भरून आला. त्या दिवशी ऑफिसात मी पेढे वाटले. सगळे हसले.

मार्चमध्ये मस्कतहून ताईचा फोन आला. तिचे दिवस भरत आले होते. भावोजी बोटीवर होते, आणि आई आम्हाला नव्हती.

“तुमचा चिवडा इथं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. तुलाच यायला काय धाड भरलीय?”

ओमानचा सीमेवरचा व्हिसा आपल्या लेबर कार्डावरचं काम बघून देतात, हे मला तेव्हा कळलं. मालकांना आम्ही काका म्हणायचो. ते म्हणाले, “लेटरहेडवर ‘मॅनेजर’ टाइप कर, मी सही करतो. खलास.”

“मी मॅनेजर नाही, काका. क्लार्क लिहा, आणि कार्डावर लिहा.”

“कोटा कुठाय? पुढच्या रिन्युअलला, इन्शाल्ला. तुझं तत्त्व काय ताईच्या उशाशी बसणारेय?”

मी आहे तेच कार्ड घेऊन निघाले. विचारलं तर खरं काम सांगेन, खरं बोलणाऱ्या माणसाला कोण अडवेल, असं वाटत होतं. त्याच दिवशी आमचा ट्रक मस्कतला जात होता. त्याचे कागद मीच केले होते. हत्ता गावाच्या पुढे, ओमानच्या चौकीवर, अधिकाऱ्याने माझं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “सिस्टर, ये प्रोफेशन नहीं चलेगा.”

शेजारच्या खिडकीवर मी केलेल्या ट्रकच्या कागदांवर शिक्के पडत होते. ट्रकचा पठाण ड्रायव्हर माझ्याजवळ आला. त्याच्या कार्डावर ड्रायव्हर लिहिलं होतं आणि तो ड्रायव्हरच होता.

“बहन, कुछ पहुँचाना है?”

मी डिंकाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो मालात टाकला नाही, स्वतःच्या सीटशेजारी ठेवला. ट्रक डोंगरांमागे जाईपर्यंत मी तिथंच उभी होते.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता. शारजातल्या माझ्या खोलीतल्या बाकीच्या बायका बाहेर गेल्या होत्या. फोन वाजला. ताईला मुलगी झाली होती.

“लाडू मिळाले. जरा कडक झालेत गं.” मग थांबून म्हणाली, “नर्सने विचारलं, सोबत कोण आहे? म्हटलं, कुणी नाही.”

 ‘मॅनेजर’ हा एक शब्द टाइप करायला हवा होता, असं मी आजही म्हणणार नाही. पण मी बरोबर वागले, असं ताईसमोर म्हणायची हिंमतही मला अजून झालेली नाही. खोटा शब्द आधी माझ्या कार्डावर कुणीतरी लिहिला होता, आणि त्याची किंमत बाळंतिणीने एकटीने मोजली.

तुम्ही कुणाला कामावर आणत असाल, तर अर्जावर सही करण्याआधी कामाच्या रकान्यावर बोट ठेवा. त्या माणसाला विचारा, तू खरं काय करणार आहेस? आणि तो सांगेल तेच लिहा.