शेवटाआधी उठून जाणारा हरेश्वर

हरेश्वर गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मयूरीने केला. "काका, बाबा..." एवढंच बोलली. मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, हे लिहायला लाज वाटते. त्याला उत्तर द्यायचं राहिलं, हे आलं.

वसईच्या शाळेत आम्ही एका बाकावरचे. मी भुईगावच्या बागायतदाराचा, तो खाडीकाठच्या भातशेतीवाल्यांचा. पुढे सातिवलीच्या एका कारखान्यात लेथवर लागला. एका जुन्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या विनोदी सिनेमाचं आम्हाला वेड होतं. श्रीमंताची लाडावलेली मुलगी, घड्याळं दुरुस्त करणारा फाटका तरुण आणि तिचा तापट बाप. दर दिवाळीत आमच्याकडे तो लावायचो. हरेश्वर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा, पण शेवट जवळ आला की उठायचा. शेवटी तो तरुण कुणा जमीनदाराचा हरवलेला मुलगा निघतो आणि बाप लग्नाला तयार होतो. "हा शेवट मी नाय बघनार," हरेश्वर म्हणायचा. "गरीबच ऱ्हाऊ दे ना त्याला. तरी बाप हो बोलला, तर मजा!"

गेल्या दिवाळीत त्याने सिनेमा लावूच दिला नाही. माझ्या मुलाचं, तेजसचं आणि मयूरीचं जमलं होतं. "काय व्याही, बोल ना आता," तो म्हणाला. मी म्हटलं, "तिची नोकरी कायम होऊ दे, तुझं घर नीट बांधून होऊ दे... मग बघू." तो हसला. "म्हंजे तुला तो शेवटच पायजे." चहा न घेता गेला. पुढे तो आजारी असल्याचं तेजसकडून कळलं, आणि मी जाईन जाईन म्हणत राहिलो.

तेराव्याला ऐकलं, त्यांच्या खाडीकाठच्या शेताला बिल्डरने मोठा भाव दिलाय. घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता विचारायला हरकत नाही." पुढच्या आठवड्यात मी हरेश्वरच्या घरी गेलोच. होकार तर मला आधीपासूनच द्यायचा होता, असं वाटेत स्वतःला सांगत होतो. ते खरं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही...

मयूरीने खुर्ची पुढे केली. "तू आमच्या घरी यावीस, बाळा," मी म्हटलं.

"शेताचं ऐकून आलात का काका?"

"ऐकलंय. पण..."

ती चिडली नाही. उठली, आतल्या खोलीकडे वळली आणि इतक्या वर्षांच्या सवयीने म्हणाली, "थांबा हं, बाबांना विचा..."

आम्ही दोघंही त्या दाराकडे बघत राहिलो.