मालक नसलेले मेल

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. सकाळपासून एक मेल जाईना की येईना. मेल सर्व्हर गच्च भरलेला, आणि आमच्या मंचरच्या ऑफिसात तो सांभाळणारा मीच. म्हणजे शिव्या द्यायलाही दुसरं कुणी नाही.

शेवटी डेटाबेसमधल्या अनाथ नोंदी साफ करायला बसलो. माणसाचं खातं बंद केलं तरी त्याचे मेल मागे पडून राहतात, त्यांच्या या नोंदी. त्यात रफीकभाई सापडले.

रफीकभाई आमचे अकाउंटंट, गेल्या वर्षी वारले. डिंभ्याहून यायचे. एसटीची वाट बघत अख्ख्या ऑफिसला मेल टाकायचे, "गाडी आज बी लेट हाय, राव. चहा तुमच्याकडं लागला!"

गाडी वेळेवर येईल अशी पैज मी रोज लावायचो आणि हरायचो. शेवटच्या पैजेचा चहा राहून गेला.

"भाऊ, मालकच न्हाई तर ठेवता कशाला? उडवा की," शेजारच्या टेबलावरून सुनीता म्हणाली.

उडवले. अडकलेले मेल धडाधड आले. एकातही कुणाची गाडी लेट नव्हती.

संध्याकाळी स्टँडवर एक आजोबा डिंभ्याच्या गाडीसाठी थांबले होते.

"येईल हो वेळेवर," मी म्हणालो.

"कशाची येतीय, पावणं!"

मी दोन चहा सांगितले.