काकीला कोट नको होता

आमच्या माजघराच्या भिंतीवर काका कोट घालून बसलेत. निळा कोट, लाल टाय. हा माणूस जन्मभर देवबागच्या वाळूत रापणीच्या जाळ्याचा दोर ओढत उघडाबंब वावरला, थंडी पडलीच तर खांद्यावर पंचा. त्याला मेल्यावर टाय. काका वारले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच नव्हता. मग कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो मालवणच्या बाजारात स्टुडिओवाल्याकडे गेला. त्याने काकांना घोळक्यातून कापून काढलं, संगणकावर कोट चढवला, मागे आकाश टाकलं आणि फ्रेम करून दिली. घाईत एक गोष्ट तशीच राहिली. काकांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं आहेत. शेजारी उभ्या असलेल्या कुठल्या तरी वऱ्हाड्याची. वऱ्हाडी कापला गेला, बोटं राहिली.

काकी रोज सकाळी अगरबत्ती लावते आणि रोज त्या बोटांकडे बघते.

"कोणाचो हात तो?" ती विचारते. "माझ्या घोवान जल्मात कोट घातलो नाय. आणि ह्यो कोण तेच्या खांद्यार हात टाकून उभो?"

 घरातले सगळे मात्र तो फोटो छान आलाय म्हणतात. कोटामुळे.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी काकीच्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात, चतुर्थी झाली की. काकीने ऑपरेशनबद्दल एक प्रश्न विचारला नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "जावच्या आदी माझो एक फोटो काढून ठेवा. माझ्यासारखो दिसणारो. नायतर माका पण कोट घालतले."

आई म्हणाली, "वयनीनू, अभद्र काय बोलतास?"

"अभद्र तो कोट," काकी म्हणाली आणि तिने सोलकढी ओतून घेतली.

मागणी साधी होती. आता बघा, ती पुरी करायला घरात काय काय साधनसामग्री होती. काकीचा मुलगा, माझा चुलतभाऊ, मुंबईला असतो. त्याला मी दादा म्हणते. दादा दर चतुर्थीला एक बॅग कपड्यांची आणि दोन बॅगा कॅमेऱ्याच्या घेऊन येतो. गेल्या चतुर्थीला त्याने नवा कॅमेरा घेतला, आधीच्यापेक्षा मोठा, आणि जुना मला दिला. "तुझ्या त्या रेतीच्या आंदोलनाला वापर," म्हणाला, "पण घरातले फोटोही नीट काढत जा. प्रोफेशनल." कर्लीच्या खाडीतून रेती उपसून नेणाऱ्यांच्या विरोधात आम्ही काही पोरंपोरी पत्रकं वाटतो, त्याला दादा 'तुझं ते' म्हणतो. कॅमेरा मी घेतला. फुकट मिळालेली वस्तू तपासून घ्यावी हे तेव्हा सुचलं नाही.

तो कॅमेरा म्हणजे गळ्यात बांधलेला पाटा-वरवंटा. खाडीवर नेला की रेतीच्या होडीवरचे लोक लांबूनच ती काळी नळी ओळखत, पंप बंद करत आणि हात जोडून उभे राहत. माझ्याकडे उपशाचे फोटो शून्य, नमस्काराचे भरपूर. घरी तर त्याची वेगळीच तऱ्हा. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला की बाबा लुंगी सोडून पँट चढवायला आत जात. आई तोंडाला पावडर लावून येई आणि मानेला विसरे. आणि काकी, जिच्या तोंडाला आळीतला कुत्रा घाबरतो, ती खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून अशी बसे की जणू आधार कार्डाच्या रांगेत तिचा नंबर लागलाय. श्वास कोंडून. बटण दाबलं की डोळे बंद.

"झाला?"

"डोळे मिटलंस गो काकी."

"मगे उघडे ठेवून काय बघू? ता नळकांडा?"

मोबाईल का नाही, असं विचारणारे भेटतात. विचारतातच. वहिनीने, म्हणजे दादाच्या बायकोने, मोबाईलवर काकीचे फोटो काढले होते. त्या यंत्राने काकीच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या आणि तिला सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखी करून ठेवली. वहिनी म्हणाली, किती तरुण दिसताय. काकी म्हणाली, ही कोण? कोट नाही घातला, कातडं बदललं. फरक काय?

मग पावसाळा आला आणि मोठ्या कॅमेऱ्याचा निकाल लागला. समुद्राच्या काठी जून ते ऑगस्ट कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. दादाने फोनवरून तंबी दिली की लेन्सला ओल लागता कामा नये, कोरड्या जागी ठेव. आमच्या घरात कोरडी जागा एकच. मी सावंतवाडीला शिबिराला गेले होते तेव्हा आईने कॅमेरा तांदळाच्या पिंपात खोल पुरला. उकड्या तांदळाच्या. वरून झाकण, झाकणावर दगड. तिचा हेतू वाईट नव्हता, मिठाच्या बरणीतसुद्धा ती तांदूळ टाकते. पण उकड्या तांदळाला कोंडा असतो आणि कॅमेऱ्याच्या नळीला फटी असतात. मी येऊन नळी फिरवली तर वरवंट्याखाली चटणी वाटल्यासारखी करकर वाजली आणि अर्ध्यावर अडकली.

काकीने हातात घेऊन हलवून बघितला. आत काहीतरी खुळखुळलं.

"तांदूळ खाल्ल्यान," ती म्हणाली. "आता फोटो नाय, भात काढीत."

मी तो उचलला आणि मालवणला त्याच स्टुडिओवाल्याकडे गेले. त्याच्या कपाटात एक छोटा जुना कॅमेरा पडून होता, साबणाच्या वडीहून थोडा मोठा, कुणी तरी विकायला ठेवलेला. मोठा सुट्या भागांसाठी तो घेईल, छोटा मी घेईन, असं ठरलं. निघताना मी विचारलंच.

"आमच्या काकांना कोट तुम्हीच घातला होता ना?"

"फ्री होतो तो गो," तो म्हणाला. "फ्रेमीबरोबर येता. पुरुष म्हटलो की कोट, बाईमाणूस म्हटला की शालू. कोण तक्रार करणा नाय."

कोण करणार? ज्याला घातला तो भिंतीवर.

छोटा कॅमेरा घरात शिरला तेव्हा बाबांनी तो तळहातावर ठेवून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "एवढोसो? ह्येका कॅमेरो म्हणतत? लोक काय म्हणतले?" लोक काय म्हणायचे ते माझ्या फायद्याचंच होतं. मोठा कॅमेरा गळ्यात असताना वाडीतल्या प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला मला आग्रहाचं बोलावणं असे, जेवायला सगळ्यात शेवटी बसवत आणि फोटो कधी देतेस म्हणून महिनाभर छळत. छोटा आल्यापासून एकाही बारशाचं आमंत्रण नाही. माझ्यावर त्यांचं एवढं प्रेम होतं, ते सगळं नळीवर होतं.

चतुर्थीला दादा आला. मोठा कॅमेरा कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न. काय झालं ते मी सांगितलं. तो गणपतीसमोर, वर बांधलेल्या माटोळीच्या चौकटीखाली उभा राहून मला वस्तूंची किंमत आणि संस्कार यावर बोलला. वर माटोळीला नारळ, कवंडळं, काकड्या टांगलेल्या होत्या, त्यातलं एकही त्याच्या डोक्यावर पडलं नाही.

"हे खेळणं घेऊन तू आईचा फोटो काढणार? भिंतीवर लावायचा?" तो म्हणाला. "मी काढतो. नीट काढतो."

आणि त्याने नीट काढला. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळपासून घर त्याच्या ताब्यात. दोरीवरचे कपडे काढा, केरसुणी हलवा, बाबा थोडं डावीकडे. एक पांढरी छत्री लावली, तिच्यात दिवा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला येतात ना, नवऱ्या मुलीच्या डोक्यावर कोळणीची पाटी देऊन, पाटीत प्लॅस्टिकची फुलं घालून, तसला सगळा थाट. काकीला त्याने तिच्या लग्नानंतर कधी न नेसलेला शालू नेसवला. म्हणजे स्टुडिओवाल्याचं काम आगाऊच केलं.

"आई, स्माईल."

काकीने ओठ मिटले.

"आई, जरा हस ना. सहज. नॅचरल."

"झिला," काकी म्हणाली, "ह्या छत्रीखाली हसण्यासारख्या काय आसा ता आदी सांग, मगे हसतंय."

त्याने शंभरदा बटण दाबलं असेल. मग संगणकावर बसून एकातले डोळे दुसऱ्यात बसवले. ते डोळे उघडे होते, एवढं खरं. काकीने बघितलं. उठून देवापुढची समई सारखी केली. ती टोमणा न मारता उठली की समजावं, प्रकरण गंभीर आहे. गोव्याला जायला थोडेच दिवस राहिले होते, आणि पोटच्या पोराने तिला कोट घातला होता.

विसर्जन झालं. दादा ऑपरेशनच्या वेळी थेट गोव्याला येतो सांगून छत्री मिटून गेला. दुसऱ्या दिवशी बाबांनी बांगडे आणले. चतुर्थीचे सगळे दिवस अळू, वालीची भाजी आणि खतखत्यावर काढल्यावर आमच्या घरात बांगडे येतात तेव्हा काय होतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. काकी मागच्या दारी आडाळ्यावर बसली. आडाळो म्हणजे विळी, पण काकीचा आडाळो म्हणजे सिंहासन. केस सुटलेले, लुगडं गुडघ्यापर्यंत, हाताला खवलं. समोर शेजारचा बोका येऊन बसला. काकीने एक बांगडा शेपटीला धरून उचलला आणि त्या बोक्यावर रोखला.

"इलस? गणपती होते तेवा खंय होतंस रे मेल्या? तेवा ह्या दारात तोंड दाखवूक नाय. भाजी नको तुका. फुडारी झालंस?"

मी उंबऱ्यावर बसून कांदा सोलत होते. छोटा कॅमेरा खिशात होता. काढला, दाबला, खिशात ठेवला, कांदा सोलायला घेतला. काकीने बघितलंही असेल. तिला ते काही महत्त्वाचं वाटलं नाही. साबणाच्या वडीसमोर कोण ताठ बसतं?

फोटोत बोक्याचे कान आहेत, बांगडा आहे, आणि बांगड्याच्या मागे काकी आहे. तोंड उघडं, एक भुवई वर, शिवी आणि हसू यांच्या मधोमध. सुरकुत्या सगळ्या जागेवर. मी तो त्याच स्टुडिओवाल्याकडून मोठा करून घेतला. समोर उभी राहिले, त्याचा हात शालूकडे जाऊ नये म्हणून.

घरात सभा भरली. आई म्हणाली, चांगला आहे, पण आडाळ्यावर बसलेल्या बाईला हार कोण घालणार. बाबा म्हणाले, पाहुणे येतात, दोन खोल्या आपण पर्यटकांना देतो, त्यांना काय वाटेल. दादा फोनवर म्हणाला, अगं, हा फ्रेमिंगच्या दृष्टीने अगदीच, आणि मासा? मेलेल्या माणसाच्या फोटोत मासा? त्याची आई शेजारीच बसून ऐकत होती, हे त्याच्या गावी नव्हतं. मग माझ्या आईने खरा मुद्दा काढला. सोमवारी आपल्या घरात माशाचं नाव घेत नाहीत. भिंतीवर देवांच्या शेजारी बांगडा टांगायचा आणि सोमवारी त्याला उदबत्ती ओवाळायची? हे कसं चालेल?

बाबांनी लगेच मान डोलावली. 

काकीने फ्रेम मांडीवर घेतली.  बोट लावलं, आधी बोक्याला, मग बांगड्याला, मग स्वतःला.

"ही मी," ती म्हणाली. "ह्योच लावायचो. आणि सोमवारी माका भिंतीकडे तोंड करून ठेवा. मंगळवारी सरळ करा."

"अगं पण आई—" फोनमधून आवाज आला.

"तू ठेव रे फोन."

ऑपरेशन झालं. काकी परत आली, छातीवर शिवण घेऊन, आणि आल्या आल्या आईने केलेल्या पेजेला नावं ठेवली. आता जिवंत माणसाचा फोटो मेलेल्यांच्या रांगेत लावू नये, यावर घरात पहिल्यांदाच एकमत झालं. काकीचा फोटो स्वयंपाकघरात लागलाय, तांदळाच्या पिंपाच्या वर. दर सोमवारी सकाळी ती स्वतःच हात वर करून फ्रेम उलटी करते आणि मंगळवारी बांगडे आले की सरळ. काकांच्या कोटाचं काही करता आलं नाही. ती बोटं अजून तिथेच आहेत, पण काकी हल्ली त्यांच्याबद्दल विचारत नाही.

मध्यंतरी दादाचा फोन आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फोटो फिरतोय, सगळ्यांना फार आवडलाय, त्याच्या ऑफिसातले तर विचारतात की कुठल्या कॅमेऱ्याने काढला. तेव्हा तो येत्या चतुर्थीआधी एक दिवस येऊन छत्री-दिवा लावून त्या भिंतीवरच्या फोटोचा नीट फोटो घेणार आहे, प्रोफेशनल. कधी येऊ, म्हणाला.

मी काकीकडे बघितलं. ती फणस चिरत होती.

"तेका सांग," ती म्हणाली, "सोमवारी ये."