पूजेत मांडलेले रॉड

“मॅडम, दोन्ही बाजूंनी रॉड लावलेत. चढू का?”

फोनवर भास्करदादा होते, आमचे सगळ्यात जुने लाइनमन. मी सबस्टेशनात उभी होते. परतीच्या पावसात कुंभिवलीकडे आंब्याची फांदी पडून अकरा हजार व्होल्टची तार तुटली होती. तो फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाइन, मी समोर उभं राहून बंद करून घेतला होता. तरी पुन्हा विचारलं, “नक्की लावलेत ना?”

“लावलेत वो मॅडम. तुमी पन ना!”

मी परमिट दिलं. लाइन मेलेली आहे, आता हात लावा, अशी ती परवानगी.

रॉड म्हणजे काय ते सांगते. लांब दांडा, टोकाला आकडा, त्याला जाड वायर आणि वायरचं दुसरं टोक जमिनीत. कामाच्या दोन्ही बाजूंना तो लाइनवर अडकवायचा. चुकून कुठून करंट आलाच, तर माणसाला न धरता जमिनीत जातो. लोक विचारतात, बंद लाइनवर करंट येणार कुठून? आमच्याकडे तो फार्महाऊसमधून येतो. डोंगर दिसेल तिथे बंगला, बंगल्यामागे जनरेटर. जनरेटर चालताना घर आमच्या लाइनपासून तोडणारा एक स्विच लागतो. तो न बसवता जनरेटर थेट वायरिंगला जोडला, की वीज उलटी निघते. ट्रान्सफॉर्मर बिचारा दोन्हीकडून राबतो. एरवी अकरा हजार उतरवून घरात देतो, आता घरातली वीज चढवून अकरा हजार करतो.

तुटलेल्या तारेपलीकडे एकच फार्महाऊस होतं. दसऱ्याची सुट्टी, घरभर पाहुणे, त्यात वीज गेलेली. तिथल्या केअरटेकरने जनरेटर सुरू केला.

सुनीलचा फोन आला तेव्हा त्याला धड बोलता येईना. तो दादांचा जोडीदार, खाली शिडी धरून उभा होता. “मॅडम, दादा पडलं... हात जळालं वो त्यांचं...”

“रॉड होते ना रे?”

तो रडायलाच लागला. “रॉड हापिसात हायत मॅडम. पूजेत.”

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी ऑफिसात हत्यारांची पूजा झाली होती. पकडी, बेल्ट, हातमोजे, रॉड, शिडी, सगळ्यांना कुंकू लावून वर झेंडूची फुलं. आरतीला मीही होते. मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा इकडचा रिवाज. ऐन कापणीच्या तोंडावर शेतकरीही विळा हातात घेत नाही. आता शिडीशिवाय चढणार कसं? म्हणून देवीला हात जोडून तेवढी शिडी काढली. जुनी पक्कड सुनीलच्या गाडीच्या डिकीत होतीच. रॉड मात्र राहिले. लाइन तर मॅडमनी बंद केलीय! आणि मला उगाच घोर नको म्हणून दादा माझ्याशी खोटं बोलले.

खोपोलीच्या हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत दादा गेले.

मोठ्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “तुमचं परमिट क्लिअर आहे ना?”

“हो सर.”

“मग तुम्ही सेफ आहात.”

“सर, दादा गेले.”

“ते तर झालंच,” साहेब म्हणाले.

चौकशीत कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा निघाला. फार्महाऊसवर चौकशी पोहोचायच्या आधीच तिथे स्विच बसला होता. दादांच्या पत्नी, आमच्या वैनी, साजगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागल्या.

मी ऑफिसात सगळ्या लाइनमनना बसवलं. फळ्यावर बंगला काढला, जनरेटर काढला, वीज उलटी कशी येते ते बाण काढून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहाला बाहेर आले, तर सुनील बाकीच्यांना सांगत होता, “मॅडम सांगतात ते बराबर हाय. पन शिडी उचलायला नको होती रं.”

“सुनील, मी आत्ता काय शिकवलं?”

“रॉड लावायचा.”

“मग?”

“लावू की मॅडम. पन पूजा मोडली ना आमी. नायतर दादा कशाला जातंय?”

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण त्याचे डोळे भरलेले होते. दादांवर त्याचा माझ्यापेक्षा जास्त जीव होता, आणि त्या शिडीचं पाप तो आपल्या माथी घेऊन फिरत होता. मी चहा तसाच ठेवून आत आले आणि दार लावून रडले.

पुढच्या वर्षी मी लेखी ऑर्डर काढली. पूजा निकामी हत्यारांची करायची, वापरातलं सगळं गाडीत राहील. सगळ्यांनी सह्या केल्या. खंडेनवमीला सकाळी ऑफिसात गेले, तर रॉड पाटावर. हातमोजे पाटावर. दादांचा फोटो, त्याला झेंडूचा हार. आणि शिडीला या वेळी साखळी घालून कुलूप लावलेलं.

“हे काय?”

“परत कुनाकडनं चूक नको व्हायला मॅडम,” सुनील म्हणाला.

अपघातातून माणसं शिकतात, असं आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. शिकतात की. काय शिकतील, ते मात्र शिकवणाऱ्याच्या हातात नसतं.